हिशेब कोणाला द्यायचा? : एका इंग्लिश बाजारगावाच्या मेयरपदाचा आढावा

१६०२ च्या मे महिन्यातली गोष्ट. इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या बाजारगावात जत्रेच्या गर्दीत गावाच्या जमीनदाराची माणसं दारू पिऊन दंगा करत होती. जिथे पीत होते तिथल्याच मालकावर त्यांनी खंजीर उपसले. गावचा बेलिफ रिचर्ड क्विनी भांडण सोडवायला मध्ये पडला आणि त्याच्या डोक्यावर घाव बसला. तो त्यातून वाचला नाही. ३१ मे रोजी त्याचा दफनविधी झाला. पेशाने तो कापडाचा व्यापारी होता. मागे बायको आणि मुलाबाळांनी भरलेलं घर राहिलं.

आपल्याकडे बेलिफ म्हटलं की समन्स घेऊन दारात उभा राहणारा कोर्टाचा माणूस आठवतो. स्ट्रॅटफर्डमध्ये त्या काळी बेलिफ म्हणजे गावचा प्रथम नागरिक. पुढे १६६४ मध्ये याच पदाला मेयर हे नाव मिळालं. शेक्सपियरच्या चरित्रांमध्ये क्विनीचा मृत्यू जाता जाता येतो, कारण त्याच्या मुलाचं लग्न नंतर शेक्सपियरच्या मुलीशी झालं. मला मात्र या पदाच्या सगळ्या इतिहासात ती घटना फार महत्त्वाची वाटते. मेयरपदाबद्दल लिहिताना लाल झगा, सोन्याची साखळी, पुढे चालणारे चोपदार आणि त्यांच्या खांद्यावरचे दंड यांतच लेखणी रेंगाळते. त्या थाटामागे चारशे वर्षं एकच प्रश्न धुमसत होता. गावच्या प्रमुखाने हिशेब कोणाला द्यायचा? जमीनदाराला, राजाला, स्वतःच्याच सोबत्यांना, की गावाला? क्विनी या प्रश्नापायी मेला असं मी म्हणेन.

या गावाचा जन्मच बाजारातून झाला. जमीन वूस्टरच्या बिशपची. ११९६ मध्ये बिशपने राजा पहिल्या रिचर्डकडून आठवडी बाजाराची परवानगी मिळवली, दर गुरुवारी बाजार भरवायची. मग शेतजमिनीवर रस्ते आखून सारख्या मापाचे भूखंड पाडले आणि वर्षाला एक शिलिंग भाड्याने ते कारागिरांना आणि व्यापाऱ्यांना दिले. भूखंडधारकाला वेठबिगार नव्हती, त्याला आपली जागा विकता येई, वारसाला देता येई. स्वातंत्र्य होतं ते एवढंच. बाजाराचं उत्पन्न, न्यायनिवाडा, दंड हे सगळं बिशपच्या माणसाकडे जाई.

तरीही गाव कोणीतरी चालवत होतंच. ते काम हळूहळू ‘होली क्रॉस’ नावाच्या गिल्डकडे गेलं. मुळात ही धार्मिक मंडळी. मेलेल्यांसाठी प्रार्थना, आजाऱ्यांना मदत, वर्षातून एकदा मोठं जेवण असा त्यांचा कारभार. पण गावातले सगळे बरे लोक तिचे सभासद झाले, तिच्याकडे घरं-जमिनी जमल्या, आणि तिने सभागृह, शाळा, वृद्धांसाठी घरं बांधली. सनदेत कुठेही नसलेली नगरपालिकाच ती. याच गावचा ह्यू क्लॉप्टन लंडनला जाऊन कापडाच्या धंद्यात श्रीमंत झाला आणि १४९१ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. एव्हन नदीवर त्याने गावासाठी चौदा कमानींचा दगडी पूल बांधून दिला, त्यावरून आजही वाहतूक चालते. स्ट्रॅटफर्डचा मुलगा राजधानीचा मेयर झाला तेव्हा स्ट्रॅटफर्डला मात्र स्वतःचा मेयर नव्हता, आणि पुढची पावणेदोनशे वर्षं नसणार होता.

धर्मसुधारणेच्या लाटेत १५४७ मध्ये गिल्ड बरखास्त झाली आणि तिची मालमत्ता राजाकडे गेली. गाव एकाएकी उघड्यावर आलं. शाळेला पैसा नाही, पूल दुरुस्त करायला कोणी नाही, म्हाताऱ्यांच्या घरांना वाली नाही. गावाने अर्ज केला, आणि २८ जून १५५३ रोजी सहाव्या एडवर्डने सनद दिली. एडवर्ड तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि मरणपंथाला लागला होता. आठ दिवसांनी, ६ जुलैला, तो गेला. सनदेला आणखी थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

सनदेने गावाला कॉर्पोरेशन हा एक कायदेशीर देह दिला. चौदा आल्डरमन म्हणजे ज्येष्ठ सभासद, चौदा बर्जेस म्हणजे कनिष्ठ सभासद, आणि आल्डरमनांमधून दरवर्षी निवडायचा एक बेलिफ. गिल्डच्या मालमत्तेचा मोठा भाग परत मिळाला, त्यातून शाळामास्तराला वर्षाला २० पौंड पगार द्यायचा ठरला. बेलिफ हाच बाजाराचा अधिकारी, हाच संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर, आणि गावच्या छोट्या कोर्टात बसणाराही तोच. पण दोन खुंट्या तशाच मारून ठेवल्या होत्या. बेलिफच्या निवडीला जमीनदाराची संमती लागायची. आणि आल्डरमन-बर्जेसांमधली जागा रिकामी झाली की ती उरलेलेच भरायचे. गावकऱ्यांना मत नव्हतं. पुढच्या अडीचशे-तीनशे वर्षांतली बहुतेक दुखणी या दोन तरतुदींतून निघाली.

या पदापर्यंत माणूस पोचायचा कसा, हे बघायला जॉन शेक्सपियरसारखं उदाहरण नाही. जवळच्या स्निटरफील्ड खेड्यातून आलेला हा शेतकऱ्याचा मुलगा कातडी कमावून हातमोजे शिवायचा. गावच्या दप्तरात त्याचं नाव पहिल्यांदा येतं ते १५५२ मध्ये, हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केला म्हणून झालेल्या एक शिलिंगाच्या दंडाच्या निमित्ताने. त्याच गुन्ह्यासाठी, त्याच दिवशी, तेवढाच दंड एड्रियन क्विनी नावाच्या शेजाऱ्यालाही झाला. हा एड्रियन म्हणजे पुढे जत्रेत मारल्या गेलेल्या रिचर्डचा बाप. रस्त्यात घाण टाकणारे हे दोघे शेजारी पुढे गावचे बेलिफ झाले, एड्रियन तर तीनदा. १५७२ च्या जानेवारीत हे दोघे बरोबरच गावच्या कामासाठी लंडनला गेले. त्या वर्षी एड्रियन बेलिफ होता आणि जॉन मुख्य आल्डरमन.

दंड भरल्यापासून बेलिफ होईपर्यंत जॉनला सोळा वर्षं लागली, आणि मधली एकही पायरी त्याला गाळता आली नाही. १५५६ मध्ये तो एल या दारूचा चवपरीक्षक झाला. नाव गमतीचं वाटतं, पण काम गंभीर होतं. घरोघरी लहानथोर एल पीत. ती पातळ आहे का, माप बरोबर आहे का, पावाचं वजन ठरल्याप्रमाणे भरतं का, हे दुकानादुकानांत जाऊन बघायचं. मग तो कॉन्स्टेबल झाला, म्हणजे रात्री भांडणं सोडवायची आणि आगीवर लक्ष ठेवायचं. पुढे दंडाची रक्कम ठरवणारा, आणि १५६१ पासून चेंबरलेन, म्हणजे खजिनदार. १५६५ मध्ये आल्डरमन, आणि १५६८ मध्ये बेलिफ.

त्याच्या चेंबरलेनकीच्या काळातली एक नोंद मला विसरता येत नाही. गिल्डच्या जुन्या चॅपेलमधल्या भिंतीवरची चित्रं पुसून टाकण्यासाठी दोन शिलिंग खर्च. नव्या धर्माला संतांची चित्रं नको होती. सरकारी हुकूम वरून आला, पण चुना कालवायचा, मजूर लावायचे आणि दोन शिलिंग वहीत चढवायचे हे हातमोजेवाल्याचं काम. हा हिशेब १५६४ च्या सुरुवातीचा. त्याच वसंतात त्याला विल्यम नावाचा मुलगा झाला. जॉन सही करत नसे, खूण काढत असे. तरीही खजिनदार म्हणून गाव त्याच्यावर इतका भरवसा ठेवत होतं की मुदत संपल्यावरही हिशेबाच्या कामाला त्यालाच बोलावत. चुन्याचा थर मात्र चित्रांच्या पथ्यावर पडला, त्याखाली ती टिकून राहिली आणि पुढच्या शतकांमध्ये पुन्हा उजेडात आली.

बेलिफ झाल्यावर त्याला झगा मिळाला, सभागृहात पहिली खुर्ची मिळाली. १५६९ मध्ये नाटकमंडळ्या गावात आल्या तेव्हा परवानगी त्याच्याकडूनच घ्यायची होती. राणीच्या मंडळीला गावच्या तिजोरीतून नऊ शिलिंग मिळाले, वूस्टरच्या सरदाराच्या मंडळीला एक. बेलिफचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. पहिला प्रयोग बेलिफसमोर करायची रीत होती. त्या दिवशी तो मुलगा बापाच्या पायाशी बसला होता का, याची नोंद अर्थातच नाही.

नंतर जॉनचे दिवस फिरले. १५७६ नंतर तो सभांना येईनासा झाला, कर्ज वाढलं, जमिनी गहाण पडल्या. सोबत्यांनी दहा वर्षं त्याची जागा रिकामी ठेवली, गैरहजेरीचे दंड माफ केले. १५८६ मध्ये, बोलावूनही तो सभेला येत नाही असं लिहून, अखेर त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. बंद दाराआड आपसात जागा भरणाऱ्या या मंडळींवर मी पुढे टीका करणार आहे. म्हणून त्यांचा हा शेजारधर्म इथे आवर्जून सांगतो.

आता रिचर्ड क्विनीकडे परत येऊ. १५९४ आणि १५९५, लागोपाठ दोन वर्षं स्ट्रॅटफर्डला मोठ्या आगी लागल्या. छपरं गवताची, घरं लाकडाची. पाठोपाठ पिकं बुडाली. १५९८ च्या फेब्रुवारीत गावात कोणी किती धान्य साठवलंय याची घरोघर मोजणी झाली. विल्यम शेक्सपियरच्या घरात दहा क्वार्टर माल्ट निघालं, म्हणजे बऱ्यापैकी साठा. टंचाईत साठेबाजांना वेसण घालणं हे बाजाराच्या अधिकाऱ्याचं पहिलं काम, आणि साठा करणाऱ्यांत कौन्सिलातलेच लोक होते. ही अडचण या पदाला कायमची चिकटलेली होती. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तोही व्यापारी आणि लक्ष ठेवणाराही व्यापारी.

जळालेल्या गावाला करमाफी मिळावी म्हणून कॉर्पोरेशनने क्विनीला लंडनला पाठवलं. तो महिनोन्‌महिने तिथे अडकून पडला. २५ ऑक्टोबर १५९८ रोजी आपल्या गावच्या यशस्वी नाटककाराकडे ३० पौंड उसने मागणारं पत्र त्याने लिहिलं. शेक्सपियरला उद्देशून लिहिलेलं आज उरलेलं हे एकमेव पत्र, आणि ते सापडलं क्विनीच्याच कागदांत, म्हणजे बहुधा ते पाठवलंच गेलं नाही. जगभर या पत्राची चर्चा होते ती शेक्सपियरसाठी. मला त्यात दिसतो तो गावाच्या कामासाठी परगावी खोली घेऊन राहिलेला, खर्चाने मेटाकुटीला आलेला एक कापडवाला. राणीने १५९९ च्या सुरुवातीला करमाफी मान्य केली.

बिशपकडची जमीनदारी एव्हाना दुसऱ्यांच्या हाती गेली होती, आणि त्याच सुमारास गावाचा जमीनदार होता सर एडवर्ड ग्रेव्हिल. नदीकाठच्या बँक्रॉफ्ट नावाच्या गायरानाला त्याने कुंपण घालायला सुरुवात केली. तिथे गावची गुरं चरत, तो गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क. क्विनी आणि त्याच्या सोबत्यांनी कुंपणं पाडली, ग्रेव्हिलने त्यांच्यावर दंगलीचा दावा लावला. १६०१ च्या सप्टेंबरमध्ये, ग्रेव्हिलच्या संमतीची वाट न बघता, कॉर्पोरेशनने क्विनीलाच पुन्हा बेलिफ निवडलं. सनदेतल्या त्या खुंटीला दिलेला हा उघड हिसका होता. आठ महिन्यांनी त्याच ग्रेव्हिलच्या माणसांनी त्याचं डोकं फोडलं. बँक्रॉफ्टवर आज सार्वजनिक बाग आहे. रंगमंदिराकडे जाणारे लाखो पर्यटक त्या हिरवळीवर बसतात. कुंपण पाडणाऱ्याचं नाव त्यांच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

गावाची जमीन राखण्यासाठी कॉर्पोरेशन पुन्हा एकदा उभी राहिली ती १६१४ ते १६१६ या काळात, गावाजवळच्या वेल्कमच्या शेतांना कुंपण घालण्याच्या प्रकरणात. कौन्सिलातल्या दोघांना धक्काबुक्की झाली, गावच्या बायका-मुलांनी रातोरात जाऊन खणलेले चर बुजवले, आणि मुख्य न्यायाधीश कोक यांनी कुंपणाला मनाई केली.

पण याच सभागृहाची दुसरी बाजूही आहे. १६०२ मध्ये कौन्सिलने ठराव केला की गिल्डहॉलमध्ये नाटकाला परवानगी देणाऱ्याला दहा शिलिंग दंड. १६१२ मध्ये दंड दहा पौंडांवर गेला. १६२२ मध्ये किंग्ज मेन, म्हणजे शेक्सपियरचीच मंडळी, गावात आली. त्यांना सभागृहात खेळ न करण्यासाठी सहा शिलिंग दिल्याची नोंद आहे. जॉनने खेळ करण्यासाठी पैसे दिले, त्याच्या वारसांनी न करण्यासाठी. विल्यम जाऊन सहाच वर्षं झाली होती आणि त्याच्या नाटकांचा मोठा संग्रह पुढच्याच वर्षी छापला जाणार होता. प्युरिटन विचाराच्या व्यापाऱ्यांचा गावावर पगडा होता आणि त्यांना कोणी विचारणारं नव्हतं, कारण त्यांना कोणी निवडलंच नव्हतं.

यादवी युद्ध झालं, राजा परत आला, आणि १६६४ च्या सनदेने बेलिफचा मेयर झाला. नाव मोठं झालं, पण नेमका याच काळात गावांचा कणा ढिला पडला. १६६१ च्या कायद्याने कॉर्पोरेशनमध्ये बसणाऱ्याला अँग्लिकन पद्धतीनेच प्रसाद घेणं सक्तीचं केलं. इतर पंथांचे सचोटीचे व्यापारी कागदोपत्री बाहेर फेकले गेले, आणि ही अट १८२८ पर्यंत कायद्यात राहिली. १६८० च्या दशकात दुसरा चार्ल्स आणि दुसरा जेम्स यांनी देशभरातल्या गावांच्या सनदा परत मागवल्या आणि आपल्या मर्जीतल्या माणसांची नावं घालून नव्या दिल्या. संसदेत कोण निवडून जाणार हे अनेक ठिकाणी कॉर्पोरेशनच ठरवत असे, म्हणून राजाला मेयर आपला हवा होता. जेम्सने घाबरून १६८८ च्या ऑक्टोबरात जुन्या सनदा परत केल्या, पण त्या वर्षाअखेर त्याला देश सोडून पळावं लागलं.

अठराव्या शतकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जागा आपसात भरायच्या, गावच्या जमिनी ओळखीच्यांना स्वस्तात खंडाने द्यायच्या, जेवणावळी घालायच्या, हिशेबाची वही कपाटात ठेवायची, हे देशभराचं चित्र. स्ट्रॅटफर्डमध्ये या काळातली लक्षात राहणारी कामगिरी म्हणजे एक हुशार पत्र. नवं टाउन हॉल बांधलं होतं आणि त्याच्या कोनाड्यात पुतळा हवा होता. कॉर्पोरेशनने लंडनचा गाजलेला नट डेव्हिड गॅरिक याला गावचं नागरिकत्व देऊ केलं, आणि तेही शेक्सपियरच्या बागेतल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तुतीच्या लाकडाच्या पेटीत घालून. गॅरिक खूश झाला, पुतळा मिळाला, आणि सप्टेंबर १७६९ मध्ये त्याने तीन दिवसांचा शेक्सपियर महोत्सव भरवला. पावसाने तो धुऊन काढला, नदी काठ सोडून वर आली, पण गावाला पुढच्या अडीचशे वर्षांचा धंदा सापडला. नाटकाला सभागृहातून हाकलणारी कॉर्पोरेशन आता नाटककाराच्या नावावर जगू लागली.

खरा बदल झाला १८३५ मध्ये. १८३३ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने गावोगावी जाऊन वह्या उघडायला लावल्या, आणि ९ सप्टेंबर १८३५ रोजी म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स ॲक्ट मंजूर झाला. १७८ गावांना तो लागू झाला. कर भरणारे पुरुष कौन्सिल निवडणार, कौन्सिल मेयर निवडणार, हिशेब तपासनीस तपासणार, आणि गावचा पैसा गावासाठीच खर्च होणार. सनदांचा रंगीत इतिहास आवडणाऱ्यांना हा कायदा रुक्ष वाटतो. माझ्या मते सहाव्या एडवर्डच्या सनदेनंतर या पदाला मिळालेली ही सर्वांत मोठी देणगी. अडीचशेहून अधिक वर्षांत पहिल्यांदा स्ट्रॅटफर्डच्या कौन्सिलला हिशेब वर किंवा आपसात नाही, तर खाली, गावाला द्यावा लागला. स्त्रियांना मात्र कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळलं होतं. कर भरणाऱ्या एकट्या स्त्रियांना हे मत १८६९ मध्ये मिळालं.

हिशेबाची ही भूक लोकांमध्ये आधीपासून होती, याची एक खूण बकिंगहॅमशरमधल्या हाय विकम गावात अजून बघायला मिळते. दरवर्षी मे महिन्यात नवा मेयर पदावर आला की मुख्य रस्त्यावर पितळेचा मोठा तराजू उभा करतात. मावळता मेयर झग्यासकट खुर्चीत बसतो, नवा बसतो, कौन्सिलातले लोकही बसतात. गेल्या वर्षीचं वजन वहीत असतं. यंदा वजन वाढलं असेल तर आकडा पुकारून चोपदार ‘आणि थोडं जास्त’ अशी हाळी देतो, आणि गावाच्या पैशावर चरला म्हणून गर्दी हुर्यो करते. वाढलं नसेल तर ‘आणि जास्त नाही’, मग टाळ्या. ही चाल १६७८ पासूनची असल्याचं सांगतात. ज्याने वर्षभर पावाचं वजन करायचं, त्यालाच भर बाजारात तराजूत बसवायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला हे पद पुरतं कळलं होतं.

मेयर आणि पाव यांचं नातं टॉमस हार्डीनेही ओळखलं होतं. १८८६ च्या त्याच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ या कादंबरीतलं गाव म्हणजे डॉर्चेस्टर, आणि नायक हेन्चर्ड हा धान्याचा व्यापारी. मेयर आत मेजवानीला बसलाय आणि बाहेर लोक त्याने विकलेल्या खराब गव्हाच्या पावाबद्दल तक्रार करताहेत, असा प्रसंग सुरुवातीलाच येतो. बाजारगावात राहिलेल्या लेखकालाच हे सुचू शकतं.

१८३५ नंतर मेयर कोण व्हायचे? ज्यांना परवडायचं ते. पदाला बहुतेक ठिकाणी पगार नव्हता, पाहुण्यांचा आणि देणग्यांचा खर्च खिशातून. म्हणून दारू गाळणारे, डॉक्टर, वकील, धान्यवाले यांच्याच घरांत हे पद फिरत राहिलं. स्ट्रॅटफर्डमध्ये फ्लॉवर घराण्याची मोठी ब्रुअरी होती. १८६४ मध्ये शेक्सपियरची तीनशेवी जयंती झाली तेव्हा एडवर्ड फ्लॉवर मेयर होता, आणि त्याचा मुलगा चार्ल्स याने नदीकाठची जागा देऊन २३ एप्रिल १८७९ रोजी स्मारक रंगमंदिर उभं केलं. एलची चव बघणाऱ्याच्या मुलाचं स्मारक एल गाळणाऱ्याने बांधलं. खिसा भरलेल्यांचीच मेयरकी, ही पद्धत मला आवडत नाही. पण त्या खिशातून निघालेलं ते रंगमंदिर नसतं तर आजचं स्ट्रॅटफर्ड नसतं, हेही खरं.

विसाव्या शतकाच्या तोंडावर ही खुर्ची हळूहळू इतरांनाही मिळू लागली. नॉरफोकमधल्या थेटफर्ड या बाजारगावाने १९०४ मध्ये ॲलन मिन्स यांना मेयर केलं. बहामा बेटांवर जन्मलेले हे कृष्णवर्णीय डॉक्टर ब्रिटनमधले पहिले कृष्णवर्णीय मेयर मानले जातात. १९०७ च्या कायद्याने स्त्रियांना कौन्सिलवर निवडून येण्याचा हक्क मिळाला, आणि १९०८ च्या नोव्हेंबरमध्ये सफकच्या किनाऱ्यावरच्या ऑल्डबरा गावाने एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांना निवडलं. इंग्लंडच्या त्या पहिल्या महिला मेयर. वडील आणि नवरा दोघेही त्याच गावचे मेयर होऊन गेलेले. मराठी वाचकाला हे नाव आणखी एका कारणाने जवळचं वाटावं. ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून १८६५ मध्ये पात्र ठरलेल्या याच बाई पुढे लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेच्या डीन होत्या, आणि नवरा दादाजी भिकाजी याने लावलेल्या खटल्यातून तावून-सुलाखून निघालेल्या रखमाबाई १८८९ नंतर डॉक्टरकी शिकल्या त्या याच शाळेत.

दार उघडत होतं तेव्हाच आतली तिजोरी मात्र रिकामी होत होती. १८८८ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलं आली आणि दहा हजारांखालच्या वस्तीच्या गावांचे पोलीस त्यांच्याकडे गेले. मग शाळा गेल्या, रस्ते गेले, दवाखाने गेले. यातलं बरंचसं अपरिहार्य होतं; सात-आठ हजार वस्तीच्या गावाला माध्यमिक शाळा आणि सांडपाण्याची मोठी योजना झेपणारी नव्हती. तरी मान शिल्लक होता. लिंकनशरमधल्या ग्रँथम या बाजारगावचे किराणा दुकानदार आल्फ्रेड रॉबर्ट्स १९४५-४६ मध्ये मेयर झाले, ते या मानासाठीच. १९५२ मध्ये कौन्सिलात मजूर पक्षाचं बहुमत आलं आणि त्यांचं आल्डरमनपद काढून घेतलं गेलं. तेहेतीस वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांची मुलगी मार्गारेट थॅचर पंतप्रधान असताना दूरचित्रवाणीवर तो प्रसंग सांगताना रडली. सोबत्यांनी नाव कापलेला हातमोजेवाला आणि सोबत्यांनी नाव कापलेला किराणावाला यांच्यात पावणेचारशे वर्षांचं अंतर आहे. दोघांच्याही मुलांच्या आयुष्यात बापाच्या त्या झग्याची सावली किती लांबवर पडली असेल, असं वाटत राहतं.

१ एप्रिल १९७४ रोजी लंडनबाहेरची सगळी जुनी बरो कौन्सिलं एका फटक्यात मोडली. आल्डरमनही गेले. स्ट्रॅटफर्डचा कारभार आसपासच्या शेकडो चौरस मैलांच्या नव्या जिल्हा कौन्सिलकडे गेला, तिचं नाव स्ट्रॅटफर्ड-ऑन-एव्हन. गावासाठी टाउन कौन्सिल उरली, तिचं नाव स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन. ‘ऑन’ आणि ‘अपॉन’ या दोन शब्दांत सत्ता आणि आठवण अशी वाटणी झाली. बांधकाम परवाने, कचरा, घरं ‘ऑन’कडे. मेयर, दंड, झगे, सनदा ‘अपॉन’कडे. बांधकामांवर टाउन कौन्सिलचं मत मागतात, ते मानलंच पाहिजे असं नाही. हाय विकमसारख्या काही ठिकाणी तर टाउन कौन्सिलही नव्हती; तिथे मेयरपद टिकवण्यासाठी सनदेचे विश्वस्त नेमावे लागले. तराजू चालू राहिला, पण त्यात बसणाऱ्याच्या हातात गावचा पैसा जवळपास उरला नाही.

याच इंग्लिश साच्याची एक प्रत मुंबईलाही आली होती. १७२६ च्या राजसनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयर आणि नऊ आल्डरमन नेमले. मुंबईत १७२८ पासून त्यांचं मेयर कोर्ट भरू लागलं. ते कोर्ट १७९८ मध्ये बंद झालं आणि पुढे मेयर हे नावही गेलं. मुंबई महापालिकेच्या अध्यक्षाला ते परत मिळालं १९३१ मध्ये. साचा आला, पण त्याच्या तळाशी असलेली पेठ, एलचा चवपरीक्षक आणि शेजाऱ्याला उकिरड्याचा दंड करणारी सभा आली नाही. मुंबईच्या त्या पहिल्या मेयरांचा हिशेब लंडनकडे जात होता.

इंग्लंडमध्ये २००० सालच्या कायद्याने थेट निवडून येणाऱ्या, खऱ्या अधिकाराच्या मेयरची वाट उघडली. बेडफर्ड आणि मॅन्सफील्ड या जुन्या बाजारगावांनी २००२ पासून ती धरली. तिथला मेयर चार वर्षांसाठी येतो, पगार घेतो, अंदाजपत्रक मांडतो. बहुतेक बाजारगावांत मात्र वर्षाचा मेयर तसाच राहिला: मे महिन्यात सोबत्यांनी निवडलेला, शाळांच्या बक्षीस समारंभांना जाणारा, आपल्या वर्षासाठी एखादी सेवाभावी संस्था निवडून तिच्यासाठी पैसे जमवणारा. या दोघांत मी वर्षाच्या मेयरच्या बाजूने आहे, आणि त्याला थोडी तरी कामं परत मिळावीत या मताचा आहे. जॉन शेक्सपियरला पायरी पायरीने गाव कळलं. पोस्टरवर चेहरा लावून थेट वरच्या खुर्चीत बसणाऱ्याला ते तसं कळायला वेळ लागतो, आणि तोवर त्याच्या हातून एखादं अंदाजपत्रक होऊनही गेलेलं असतं.

हा वाद आता पुन्हा जिवंत झालाय. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढून जिल्हा कौन्सिलं मोडून मोठी एकत्रित कौन्सिलं करण्याचं धोरण जाहीर केलं. वॉरिकशरही त्यात येतं. म्हणजे १९७४ मध्ये आलेल्या ‘ऑन’चेच दिवस भरत आले आहेत, आणि ‘अपॉन’ मात्र राहणार आहे. बागा, बाजाराची जागा, सार्वजनिक शौचालयं, सभागृहं यांतलं काय मोठ्या कौन्सिलकडे जाणार आणि काय टाउन कौन्सिल मागून घेणार, त्यासाठी घरपट्टीत किती भर पडणार, याची बोलणी अशा गावागावांतून चालली आहेत. दरम्यान एप्रिलमध्ये शेक्सपियरच्या जयंतीची मिरवणूक निघते, तेव्हा स्ट्रॅटफर्डचा मेयर झगा घालून चालतो, पुढे दंडधारी, आणि सोबत सहाव्या एडवर्डच्या नावाच्या शाळेची मुलं.